झोपेत गेले म्हणतात

आमच्या बोरी गावात कुणी गेलं की आधी मला बोलावतात, मग भटजींना. भटजींचं काम मेलेल्याशी, माझं जिवंताशी. घरात माणूस गेलेला असतो आणि लेक पुण्याला, नाहीतर ऊसतोडीला लांब कोल्हापूरकडं. त्याला फोन कोण करणार? घरच्यांना रडू फुटतं, शेजाऱ्यांची जीभ अडखळते. मग "लिंबाजीला बोलवा" अशी हाक येते. मी फोन हातात घेतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "बापूची तब्येत जरा नरम हाय. घाबरण्यावानी काय न्हाई. पर तू निघ." बापू तोवर अंगणात आंघोळ घालून निजवलेला असतो.

आमच्या मुलखाची ही रीत आहे. वाटेवरच्या माणसाला मरणाची खबर द्यायची नाही. एकटा जीव, लांबचा पल्ला, वाटेत काही करून बसला तर? म्हणून 'सिरियस आहे' एवढंच सांगायचं. मी ते इतकं सफाईनं सांगतो की ऐकणारा एसटीत बसून शेंगा खात येतो. एकदा तोडीला गेलेल्या महारुद्रला त्याचा बाप सिरियस आहे म्हणून कळवलं, तर टोळीचा मुकादम त्याला उसाच्या फडावरून सोडेना. मी दुसरा फोन केला, बाप बरा आहे पण बैल सिरियस आहे. मुकादमानं त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून स्टँडवर सोडलं. ही गोष्ट खोटी आहे असं म्हणणारे गावात आहेत. म्हणोत बिचारे.

पण आज सांगायची ती गोष्ट माझी नाही. ती माझ्या नातीची, प्रियंकाची आहे, आणि तिच्यात मी फार भर घालणार नाही. घालायला गेलो तरी ती शेजारी बसून मान हलवते.

प्रियंका घरी बसून लॅपटॉपवर काम करते. त्या कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. गावाला ते समजावून सांगताना माझी दमछाक झाली. शेवटी मी सांगितलं, माझी नात बोरीत बसून ऑस्ट्रेलियातली कुलपं उघडते. हे मात्र तसं खरंच होतं. मूळची आमच्याच तालुक्यातल्या चारठाण्याची राजेश्री नावाची बाई लग्न होऊन मेलबर्नला गेलेली. तिथं ती लोकांच्या लग्नाबारशाची जेवणं करून द्यायची. तिचे मेल वाचायचे, ऑर्डरी लिहायच्या, कुणाला कधी काय पोचवायचं ते ठरवायचं, हे सगळं प्रियंका इथून करायची. त्यासाठी तिच्याकडं राजेश्रीचे सगळे पासवर्ड होते. घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात द्याव्यात तसे.

ते काम तिला कसं मिळालं तेही ऐका. मुलाखत कॅम्पुटरवरच होती. मी दाराच्या पडद्यामागं उभा. बाई विचारत होती, हे येतं का, ते येतं का. हिशोबाच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरचं नाव निघालं आणि पोरगी गप्प झाली. मला राहवेना. मी मागून म्हटलं, "येतं म्हण!"

माझा आवाज हळू आहे असा माझा समज होता.

प्रियंका बाईला म्हणाली, "मॅडम, ते मला येत नाही. मागून आजोबा म्हणतायत, येतं म्हण."

बाई इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. म्हणाली, "मॅडम नको म्हणूस. ताई म्हण. सोमवारपासून ये कामाला."

लागल्यावर काही आठवड्यांतच पोरीनं घोळ केला. तिकडची वेळ लिहायची तिथं आपली वेळ लिहिली. एका गिऱ्हाइकाचं जेवण भलत्या वेळेला तयार झालं असतं. गिऱ्हाइकाच्या ध्यानात यायच्या आतच हिनं ताईला फोन करून सांगून टाकलं. मी कपाळावर हात मारला. ताईनं मात्र एवढंच म्हटलं, "चुका होणार गं. फक्त मला दुसऱ्याकडून कळायला नको. आधी तुझ्याकडून कळू दे." तेव्हापासून त्या दोघींत हा करार झाला. कागद नाही, सही नाही.

त्या कामानं घरात काय बदललं म्हणाल, तर कोयता खुंटीला लागला. माझा लेक भारत आणि सून वच्छला दर साली दिवाळी झाली की तोडीला जायचे. यंदा प्रियंका म्हणाली, "आई, तू ऱ्हा." भारतनं एकट्यानंच जायचं ठरलं, आणि वच्छलानं आपला कोयता फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगला. तिची कंबर पार गेलेली. खुंटीकडं बघून ती एकदाच हसल्याचं मी पाहिलं.

आता व्यंकटराव. राजेश्रीचे वडील. चारठाण्यात एकटेच राहायचे. बायको मागंच गेलेली, शेजारच्या घरात पुतण्या दिनकरराव आणि त्याची बायको पार्वतीबाई. राजेश्रीनं प्रियंकाला एक जास्तीचं काम लावून दिलं होतं, रोज सकाळी बाबांना फोन करून गोळ्यांची आठवण करायची. गोळ्यांचं झालं की म्हातारा विचारायचा, "तुझे आजोबा उठले का? दे त्यांना." मग मी त्यांना रोज एक गोष्ट सांगायचो. आम्ही दोघं प्रत्यक्ष एकदाच भेटलो असू, पण फोनवर जिवलग. मी जे सांगायचो ते व्यंकटराव दुसऱ्या दिवशी लेकीला सांगायचे, वर म्हणायचे, "बोरीचा म्हातारा लय लबाड हाय."

लेकीचा फोन त्यांना पहाटे यायचा. तिकडं तेव्हा दिवस चांगला वर आलेला असतो. पण व्यंकटरावांच्या घरात रेंज धड नव्हती. आवाज तुटायचा. ताई वैतागून प्रियंकाला म्हणाली, "बघ ना काही करता येतं का." म्हणून आम्ही दोघं चारठाण्याला गेलो. प्रियंका फोन हातात धरून घरभर हिंडली. ओसरीत नाही, न्हाणीपाशी नाही. परसात गच्चीवर जायचा दगडी जिना आहे, त्याच्या मधल्या पायरीवर रेंज भरून आली. प्रियंकानं माझ्या कनवटीची चुन्याची डबी मागितली आणि बोटानं त्या पायरीवर पांढरी फुली काढली.

"काका, ताईचा फोन आला की हितं उभं ऱ्हायचं. आवाज एकदम साफ."

व्यंकटराव फुलीवर उभे राहिले, छाती काढली, म्हणाले, "हे तर रामाच्या देवळातल्यापेक्षा उंच आसन झालं की!"

जिन्याला कठडा नव्हता.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली. भारतची तोडीची गाडी निघायला थोडे दिवस होते. सकाळी उन्हं ओसरीत आली होती, वच्छला भाकरी थापत होती, आणि प्रियंका गोळ्यांचा फोन लावणार तेवढ्यात दिनकररावाचाच फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"पोरी, काका गेले. पहाटं. झोपंतच गेले, काय तरास न्हाई. दुपारी उरकून घेतो आमी. राजीला तेवढं सिरियस हाय म्हणून कळव. तिकीट तूच काढून देतीस न्हवं तिला? दे काढून. बाकीचं ती आल्यावर बघू."

फोन ठेवला. वच्छलाच्या तव्यावरची भाकरी करपली. माझ्या मनात काय आलं सांगू? आदल्या दिवशी मी त्यांना येलदरी धरणातल्या माशाची गोष्ट अर्धी सांगितली होती. उरलेली उद्या म्हणून.

तेवढ्यात राजेश्रीचा मेसेज आला. बाबा फोन उचलत नाहीत, जरा चौकशी कर.

प्रियंका त्या मेसेजकडं बघत बसली. मी म्हटलं, "दे हिकडं. हे तुजं काम न्हाई, माजं हाय."

"आजोबा, ती माझी क्लायंट हाय."

"आन् मी काय आजच फोन करायलोय का? गावाच्या किती मयती माज्या जिभेवरून गेल्या."

शेवटी तिनं ताईला फोन लावून माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला.

"राजीबाई, मी बोरीचा लिंबाजी बोलतो."

"आजोबा? बाबा कुठं आहेत?"

"तब्येत जरा नरम झालीया त्यांची. दवाखान्यात नेलंय. डाक्टर चांगला हाय, जिंतूरचा. तुमी निघा, पर घाबरू नका. आत्ताच चहा मागितला म्हणं त्यांनी."

चहाचं मी पदरचं घातलं. बेत चांगला जमला होता, त्यावर थोडी कोथिंबीर भुरभुरावी तसं.

मग ती म्हणाली, "आजोबा, फोन प्रियंकाला द्या."

फोनचा स्पीकर चालूच होता, त्यामुळं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"प्रियंका, आईच्या वेळीसुद्धा चहा मागितला होता. मी अख्ख्या प्रवासात आईशी काय काय बोलायचं ते ठरवत आले. तिच्यासाठी लोकरीचे मोजे आणले होते. घरी पोचले तर राख सावडून झालेली. आमच्याकडं सिरियस म्हणजे काय ते मला माहीत आहे. सिरियस असला तरी सिरियस, आणि गेला तरी सिरियस. म्हणून त्यांना नाही विचारत, तुला विचारते. बाबा आहेत का?"

मी प्रियंकासमोर हात जोडले. मान हलवली. वच्छला पिठाच्या हातांनी दारात उभी.

"न्हाईत, ताई," प्रियंका म्हणाली. "पहाटे गेले. दिनकररावांचा फोन आला आत्ता."

तिकडं नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ वाहत राहिला. मग कुणीतरी बंद केला.

"त्यांना सांग, मी येईपर्यंत..." राजेश्री म्हणाली आणि थांबली. "नको. बाबांना पेटीत बर्फावर ठेवलेलं मला नको. नेऊ दे त्यांना. तू जाशील तिथं? मला दाखवशील? फोन तूच धर. दुसऱ्या कुणाकडं देऊ नकोस."

गावातल्या चंद्रभानची काळीपिवळी जीप जिंतूरमार्गे चारठाण्याला निघालीच होती. आम्ही तिच्यात बसलो. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. बायका कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत होत्या, कुणाचं तरी गाणं चालू होतं. प्रियंका सारखी फोनची बॅटरी बघत होती. मी वाटेत तिला म्हटलं, "आता तिकडं शिव्या बसतील बघ."

शिव्या दारातच बसल्या. दिनकरराव अंगावरच आला.

"तुला काय सांगितलं व्हतं गं मी? सिरियस म्हण म्हटलं का न्हाई? ती बाई तिकडं एकटी. तिला काय झालं तर तू देणार हायस का भरून? परक्याची पोर तू, आमच्या घरच्या मरणाची खबर देणारी कोण?"

"ताईंनी विचारलं, काका."

"विचारलं म्हणून सांगायचं असतंय व्हय!"

त्यावर जमलेल्या माणसांनी माना डोलवल्या. खरं सांगायचं तर माझीही डोलली.

व्यंकटरावांना अंगणात बसवून आंघोळ घातलेली होती. नवं धोतर, गळ्यात हार. डोक्यावर पांढरी टोपी, पार भुवयांपर्यंत ओढलेली. प्रियंकानं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. राजेश्री त्या चौकोनातून बघत राहिली. बायकांचं रडणं थांबलं. फोनसमोर रडावं की फोनपुरतं थांबावं, ते त्यांना कळेना.

"टोपी एवढी खाली का ओढलीय?" राजेश्री म्हणाली. "बाबा अशी नाही घालायचे."

"थंडी लागली आसंल बया पहाटंची," पार्वतीबाई बोलून गेली.

"राजी, झोपंतच गेले बघ," दिनकरराव फोनकडं वाकून मोठ्यानं म्हणाला, जणू मेलबर्न लांब असल्यामुळं जोर लावावा लागतो. "पुण्यवान माणूस. कूस बदलली आन् गेले."

पुढं तिनं विचारलं नाही. तिरडी बांधायला माणसं लागली, तशी राजेश्री म्हणाली, जरा चेहरा धुऊन येते. प्रियंका तेवढ्यात हात-पाय मोकळे करायला परसात गेली. मी मागून गेलो.

जिन्याच्या पायथ्याशी जमीन ताजी सारवलेली होती. मयताच्या घरात कुणी परसातली जमीन सारवत बसत नाही. कडेला व्यंकटरावांची एक वहाण पडली होती, दुसरी वर पायरीवर. आणि मधल्या पायरीवर पांढरी फुली.

पार्वतीबाई पाण्याची घागर न्यायला आली होती. आमची नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं. हळूच म्हणाली, "हितंच खाली घावले. फोन हातात धरलेला. कपाळ फुटलं व्हतं, म्हणून टोपी ओढली. तुमी कुठं बोलू नका. राजीला कळलं, आपल्याच फोनासाठी बाप पडला, तर जगंल का ती?"

ती घागर घेऊन गेली. प्रियंका पायरीवरच्या फुलीकडं बघत होती.

मी काय केलं ते सांगतो. धोतराचा सोगा रांजणात बुडवला, दोन पायऱ्या चढलो आणि फुली पुसायला वाकलो.

"आजोबा, पुसू नका."

"पोरी, ही खूण कुणाची ते कुणाला म्हाईत न्हाई. तुला, मला आन् गेलेल्या माणसाला."

"मग ताईला मी काय सांगू?"

"काय सांगू नको. झोपंत म्हणालेत समदे. झोप काय वाईट हाय? तिलाबी बरं, तुलाबी बरं."

"कठडा न्हाई ते मी बघितलं व्हतं," प्रियंका म्हणाली. "फुली काढताना बघितलं व्हतं. काका धडधाकट हायेत, काय न्हाई व्हत, असं म्हटलं मी मनात."

"मनातलं मनात ठेव मग. आईकडं बघ जरा. यंदा कोयता खुंटीला लागलाय तो कुणाच्या जोरावर? हे काम गेलं तर भारतच्या गाडीत तिलाबी चढावं लागंल. मोडक्या कंबरेची ती."

ती खालच्या पायरीवर बसली. आत कुणीतरी हुंदका दिला. मी सोगा पिळत उभा.

"आजोबा, ती रोज मला विचारणार, प्रियंका अमुक केलं का, तमुक पाठवलं का. मी व्हय म्हणणार. आन् दर येळी मला ही पायरी दिसणार. मग माज्या व्हय म्हणण्याला काय अर्थ ऱ्हायला? दिनकररावांच्या झोपेवानीच की ते."

मी खाली उतरलो. धोतराला पांढरं लागलं होतं. पण फुली तशीच होती. बोरीचा चुना पक्का असतो.

अग्नी दिला तेव्हा राजेश्री फोनवर होती. तिनं हात जोडलेले. चितेनं पार पेट घेतल्यावर माणसं ओढ्याकडं हात-पाय धुवायला वळली. प्रियंका बाजूला बाभळीखाली गेली. मी जवळच होतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप.

"ताई, मला सांगायचंय. दुसऱ्याकडून कळायच्या आत." तिनं फोन तोंडासमोर धरला. "काका झोपेत नाही गेले. जिन्यावरून पडले. फोन हातात होता. तिथं उभं राहा म्हणून मीच सांगितलं होतं. चुन्यानं खूण करून दिली होती."

"जिन्यावर?"

"मधल्या पायरीवर."

"कठडा आहे का त्याला?"

"नाही. मी बघितलं होतं. तरी खूण केली."

राजेश्रीचा चेहरा पडद्यावर होता. मग नव्हता. फोन कट झाला होता. रेंज गेली असेल म्हणून मी म्हणणार होतो, पण मलाच ते खोटं वाटलं.

घरी आल्यावर दिवस कलायच्या आत प्रियंकानं लॅपटॉप उघडला. मेल उघडेना. तिनं परत अक्षरं घातली. पडद्यावर लाल ओळ आली, पासवर्ड चुकीचा आहे म्हणून. ऑर्डरींचं पान उघडेना. काहीच उघडेना. मेलबर्नची सगळी कुलपं बदललेली होती.

वच्छला दारातून बघत होती. तिनं खुंटीवरचं फडकं काढलं, कोयता सोडवला आणि ओसरीच्या दगडावर पाणी शिंपडून धार लावायला बसली. खर्र, खर्र. तो आवाज ऐकत प्रियंका फोनवर एक लांबलचक मेसेज लिहीत बसली. मला वाटलं, माफी मागतेय. मी म्हटलं, "थांब, मी सांगतो काय लिहायचं. लिही, माजा आजा सिरियस हाय."

"आजोबा!"

ती माफी नव्हतीच, जे कबूल करायचं ते तिनं बाभळीखालीच केलं होतं. तिनं लिहिलं होतं, कुणाच्या बारशाचं जेवण कुठं पोचवायचंय, कुणाच्या घरी शेंगदाणा चालत नाही, कुणाला उद्या उत्तर द्यायचं राहिलंय. तिकडं कुणाचं पान रिकामं राहायला नको म्हणून. मेसेज पोचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पुढच्या दिवसांतही आलं नाही. भारतनं गाडीत आपल्या वळकटीशेजारी वच्छलाची जागा धरायला सांगितली. गावात जो तो म्हणाला, पोरगी शहाणी पण जरा जास्तच. मी दोघांशी भांडलो आणि तिसऱ्याला सांगितलं, ऑस्ट्रेलियात सध्या वीजच नाही. घरात येऊन प्रियंकाचं तोंड बघितलं की माझी गोष्ट तिथंच विझायची.

दहाव्याच्या दिवशी दिनकररावाचा फोन आला. आवाज नरम. "राजी आलीया. प्रियंकाला बलावतीया. आन् म्हाताऱ्यालाबी आण म्हणती."

आम्ही गेलो. राजेश्री ओसरीत नव्हती. परसात, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. साधी सुती साडी, केस विस्कटलेले, हातात बापाचा जुना फोन. पाय बरोबर फुलीवर.

प्रियंका खाली उभी राहिली. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला.

"आवाज खरंच साफ येतो इथं," राजेश्री म्हणाली. "मी लावून बघितला."

तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं.

"मीच त्यांना रोज म्हणायचे, बाबा, आवाज तुटतोय, नीट कुठंतरी उभे राहा ना. कुठंतरी म्हणजे कुठं, ते मी कधी विचारलंच नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा मीच फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मला वाटलं झोपलेत."

"ताई, खूण मी..."

"तू सांगितलंस ते मी ऐकलंय. राग आहे मला. गेला असं म्हणणार नाही, अजून आहे. त्या दिवशी रागानंच सगळे पासवर्ड बदलले." ती एक पायरी उतरून तिथंच बसली. "मग विमानात बसले. निघायच्या आधी सगळ्या नातेवाइकांचे फोन आले होते. सगळे म्हणाले, झोपेत गेले. प्रियंका, माझी आईपण झोपेत गेली होती. आजीपण. काकापण. आमच्या घरात सगळी माणसं झोपेतच जातात. आईचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. कुणाला विचारलं तर प्रत्येक जण वेगळं अंथरूण घालतो. बाबांचं तेवढं मला माहीत आहे. कुठल्या पायरीवर, ते माहीत आहे. आता इथं बसून रडता येतं मला."

दिनकरराव मान खाली घालून सारवलेली जमीन पायानं उकरत होता. "राजी, तुला तरास नको म्हणून..."

"माहीत आहे, दादा. पण कठडा बांधून घे."

"घेतो."

मग तिनं प्रियंकाला वर बोलावलं. तिचं डोकं जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. नवा पासवर्ड होता तो. प्रियंकानं ओठ हलवून मनात घोकला आणि मान डोलवली. काय होता ते मला कळलं का? कळलं असतं तर आत्तापर्यंत तालुक्याला कळलं असतं.

मी बाजूला जाऊन वच्छलाला फोन लावला. "कोयता ठेव खुंटीला. काम हाय म्हणं."

"मामंजी, हे तुमी म्हणायलाव का प्रियंका?"

"मी म्हणायलोय की!"

"मग प्रियंकाला द्या."

फोन प्रियंकाला द्यावा लागला. ती "व्हय आई" म्हणाली, एवढंच. पलीकडं वच्छलाचा हुंदका मला इकडं ऐकू आला. माझ्या एवढ्या लांबलचक जिभेला जे जमत नाही, ते पोरीच्या दोन शब्दांत होतं.

परत वळलो तर राजेश्री माझ्याकडं बघत होती.

"आजोबा, आदल्या दिवशी बाबांना दम निघाला नाही, दुपारीच फोन करून त्यांनी मला येलदरीच्या माशाची गोष्ट सांगितली होती. त्यानं धरणातली वीज गिळली आणि त्याच्या पोटात उजेड पडला. मग कुठल्यातरी लग्नात मांडवाला बत्ती म्हणून त्याला घंगाळात घालून नेला. पुढचं उद्या कळणार म्हणाले. काय झालं त्या माशाचं?"

तिथं सगळे माझ्याकडं बघायला लागले. पार्वतीबाई, दिनकरराव, प्रियंका. मी घसा साफ केला.

"राजीबाई, खरं सांगतो," मी म्हटलं. "मलाच म्हाईत न्हाई. शेवट रचलाच न्हवता. सकाळी त्यांचा आवाज ऐकला की सुचंल म्हटलं व्हतं."

राजेश्रीनं प्रियंकाकडं पाहिलं. "हे खरं बोलतायत?"

"व्हय ताई," प्रियंका म्हणाली. "एवढं खरं हाय."

"मग आत्ता रचा," राजेश्री म्हणाली आणि पायरीवर सरकून प्रियंकाला शेजारी जागा केली.

मी खालच्या पायरीवर बसलो. गुडघे कुरकुरले. परसात ऊन आलं होतं, फुली पांढरीशुभ्र दिसत होती.

"तर बघा, मांडवात उजेड पडला," मी म्हटलं, "आन् नवरीनं घंगाळात वाकून बघितलं. मासा तिला म्हणाला, बाई, मला माज्या घरी सोड..."

"प्रियंका, मासा बोलला?"

"न्हाई, ताई."

"बरं. सांगा आजोबा."